हापूसची डीएनए तपासणी वाशीत नको. रोपवाटिकेत आणि रायवळाखाली करा

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. कुलगुरू, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
आणि कोकणातल्या सर्व आंबा बागायतदार संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडतो, वाशीला पेट्या चढू लागतात आणि ‘देवगडच्या पेटीत कर्नाटकी आंबा’ ही ओरड सुरू होते. तिच्या पाठोपाठ हल्ली एक मागणी हमखास येते: हापूसची डीएनए तपासणी करा, म्हणजे खरा-खोटा लगेच कळेल. बागायतदारांच्या बैठकांत, वर्तमानपत्रांत, व्हॉट्सॲपवर सगळीकडे हेच ऐकू येते. फसवणूक होते यात वाद नाही. मात्र या तपासणीतून येणारे उत्तर मागणाऱ्यांच्या काहीच कामाचे नसेल. उलट ते फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडेल. सरकारी पैसा त्या दिशेने वळण्याआधी हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे, म्हणून हे पत्र.

मी वनस्पतींच्या जनुकांवर काम केलेली बाई आहे आणि माहेर-सासर दोन्हीकडे हापूसच्या बागा आहेत. प्रयोगशाळेतले बोलणे आणि खळ्यातले बोलणे, दोन्ही कानांवर पडत आले आहे. दोघांची गाठ मात्र क्वचितच पडते.

हापूसची कोय पेरून हापूस होत नाही, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक असते. कोयीतला गर्भ परागीभवनातून तयार होतो. आई हापूस, बाप मात्र माशीने कुठल्या झाडावरून आणला ते माशीलाच माहीत. म्हणून कलम. पूर्वी भेटकलम बांधत, आता बहुतेक ठिकाणी कोयकलम: रायवळाच्या, म्हणजे कोयीतून उगवलेल्या गावठी आंब्याच्या, कोवळ्या रोपावर हापूसची काडी. काडीत मूळ झाडाचेच जनुक जसेच्या तसे जातात. तेव्हा देवगडच्या कातळावरचे झाड, रत्नागिरीतले झाड आणि अलिबागजवळचे झाड ही तीन झाडे नव्हेतच. एकाच जुन्या झाडाचे वेगवेगळ्या जमिनीत रुजलेले तुकडे आहेत. ते मूळ झाड कुठे होते कोणास ठाऊक. दशेरीचे मूळ झाड लखनौजवळच्या दशेरी गावात आजही लोकांना दाखवतात; हापूसच्या नशिबी तेवढेही नाही.

या काडीने कोकणची हद्द केव्हाच ओलांडली. धारवाडकडे बदामी, कागदी हापूस, खादर अशा नावांनी जो आंबा पिकतो, तो याच कुळीचा. वलसाडकडे हापूस आहे. आफ्रिकेतल्या मलावीत रत्नागिरीतून नेलेल्या कलमांची बाग उभी आहे आणि तिची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात, आपल्याकडे मोहरही धड फुटलेला नसताना, वाशीत येतात. या सगळ्यांची पाने प्रयोगशाळेत दिली तर नेहमीच्या मार्करांवर, म्हणजे जात ओळखण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या डीएनएच्या ठरावीक जागांवर, निकाल एकच येणार: हापूस. मग तो दाखला पेटीवर चिकटवून व्यापारी सांगेल, ‘घ्या, शास्त्रज्ञांनीच प्रमाणित केलाय.’ आणि तो खोटे बोलत नसेल.

कोणी म्हणेल, संपूर्ण जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, वाचला तर बारीकसारीक फरक सापडतीलच की. सापडतील. शेकडो वर्षे काडीवर काडी बांधत आलेल्या झाडात कुठे ना कुठे बदल साचतात. पण ते फरक त्या त्या झाडाचे आणि त्याच्या काडीवरून झालेल्या कलमांचे असतील, तालुक्याचे नसतील. देवगडची काडी राजापुरात आणि राजापूरची काडी धारवाडात गेली, तेव्हा तिने तालुक्याचा शिक्का सोबत नेला नाही.

मग रत्नागिरी-देवगडच्या हापूसचा वास वेगळा असतो हा भ्रम आहे का? मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या सुगंधी द्रव्यांवर बरीच वर्षे काम केले आहे, आणि एकाच हापूसच्या वासात ठिकाणागणिक फरक पडतो हे त्या कामात दिसले आहे. हा फरक जांभ्या कातळाचा, पाणी न धरणाऱ्या जमिनीचा, खाऱ्या वाऱ्याचा, थंडीच्या दिवसांचा आणि फळ किती तयार झाल्यावर उतरवले त्याचा. जनुकांचा क्रम तोच राहतो. कोणते जनुक किती काम करणार, ते परिस्थिती ठरवते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला जे भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या भूमीला मिळाले. डीएनए म्हणजे वंशावळ आणि जीआय म्हणजे रहिवासी दाखला. वंशावळ दाखवून रहिवास सिद्ध होत नाही.

रहिवासच तपासायचा असेल तर साधने वेगळी आहेत. फळातल्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे) प्रमाण आणि सूक्ष्म क्षारांचे प्रमाण मोजून माल कुठल्या मातीतला, कुठल्या पाण्यावरचा याचा अंदाज बांधता येतो. जगात वाइनसारख्या मालासाठी हे केले जाते. त्यासाठी आधी प्रत्येक तालुक्यातले, अनेक हंगामांतले अस्सल नमुने गोळा करून तुलनेचा संच उभा करावा लागतो. खर्चिक आणि किचकट काम आहे. एरवी बागेपासून पेटीपर्यंतची नोंद चोख ठेवणे हाच स्वस्त उपाय, आणि तो कंटाळवाणा असल्यामुळे कोणाला फारसा आवडत नाही.

बाजारात डीएनएचा उपयोग शून्य आहे असे मात्र नाही. दुसऱ्याच जातीचे फळ हापूस म्हणून विकले जात असेल तर ते पकडता येते. डबाबंद रसात हापूसच्या नावाखाली तोतापुरी किती मिसळला, हेही प्रक्रियेत डीएनए फार तुटला नसेल तर तपासता येते, आणि रस-उद्योगाने ते स्वतःहून करावे. इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण नमुना घेतानाच चूक झाली तर पुढचे सगळे वाया जाते: फळाची साल किंवा गर घ्यायचा, कोयीतला गर्भ घ्यायचा नाही. साल आणि गर आईच्या झाडाचे असतात. गर्भात अनोळखी बापाचा अर्धा वाटा असतो. तो तपासलात तर अस्सल हापूसही नापास होईल.

आता जिथे ही तपासणी खरोखर हवी, तिकडे वळते.

१९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने कोकणचे डोंगर हिरवे केले. पुढे २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर योजना आली. या योजनांचा पाया म्हणजे रोपवाटिकेतून येणारे कलम. ते कलम कशाचे आहे हे आपण आजही पानावरून आणि विक्रेत्याच्या शब्दावरून ठरवतो. आंब्याच्या कलमाचे दुखणे असे की चूक वर्षभरात कळत नाही. खड्डे खणा, माती भरा, कुंपण घाला, पहिली वर्षे हंड्याने पाणी घाला. पाच-सहा वर्षांनी जेव्हा धड फळ धरते, तेव्हा कळते की रांगेतली काही झाडे हापूसची नाहीतच. आमच्या शेजारच्या वाडीत एका बागायतदाराचे असेच झाले. कलमे मान्यताप्राप्त ठिकाणची होती, पावती होती, मात्र कलमे बांधणारा गडी केव्हाच निघून गेलेला आणि काडी ज्या झाडाची घेतली तो मातृवृक्ष कोणता याची नोंद कुठेच नाही. दाद कोणाकडे मागायची? गेलेली वर्षे कोण परत देणार?

फळझाडांच्या रोपवाटिकांना परवाना लागू करणारा आपला कायदा १९६९ चा आहे. तेव्हा जात ओळखायला पान, फळ आणि जाणत्या माळ्याची नजर याखेरीज काही नव्हते. आज दोन पानांचे रोपही ओळखता येते. कसे, ते थोडक्यात सांगते, म्हणजे यात जादू नाही आणि फसवणूकही नाही हे पटेल.

आंब्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या वीस जोड्या असतात: प्रत्येक जोडीत एक आईचे, एक बापाचे. या गुणसूत्रांवर काही जागा अशा आहेत की तिथे दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुठल्या झाडात तो बारा वेळा, कुठल्या झाडात सतरा वेळा. समजा एका जागी झाडाकडे आईकडून बारा आणि बापाकडून सतरा आले, तर त्या जागेची ओळख झाली ‘बारा-सतरा’. अशा दहा-पंधरा जागा नीट निवडून तपासल्या की जो आकड्यांचा संच मिळतो, तो दोन वेगळ्या जातींत जुळणे जवळजवळ अशक्य. यांना एसएसआर मार्कर म्हणतात. आंब्यासाठी असे मार्कर २००५ च्या सुमारासच शोधून प्रसिद्ध झाले आहेत आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भारतभरच्या शेकडो जाती त्यांनी तपासल्या आहेत. हल्ली एकेका अक्षराचा फरक टिपणारे एसएनपी मार्करही आहेत. नव्याने काहीच शोधायचे नाही. आहे ते रोपवाटिकेपर्यंत नेण्याचाच प्रश्न आहे.

याआधी आरएपीडी नावाची सोपी, स्वस्त पद्धत होती. नव्वदच्या दशकात आणि नंतरही आपल्याकडच्या कितीतरी एम.एस्सी. आणि पीएच.डी. प्रबंधांत ती वापरली गेली. तिचा दोष असा की एका प्रयोगशाळेतले पट्टे दुसरीत तसेच येतील याची खात्री नाही. शिवाय आईचा आणि बापाचा वाटा तिच्यात वेगळा दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी जातींच्या नात्यागोत्याची एक देखणी आकृती असते आणि ती दुसऱ्या कुठल्याच प्रबंधातल्या आकृतीशी जोडता येत नाही. कुलगुरू महोदय, हे मी टीका म्हणून लिहीत नाही. त्या काळात हाताशी होते त्यात विद्यार्थ्यांनी मेहनतीने काम केले. आंब्याच्या पानातून स्वच्छ डीएनए काढणे काय असते ते ज्याने केले त्यालाच कळते. त्या चिकात आणि टॅनिनमध्ये निम्मे दिवस जातात. पण आता तरी दापोली, जुने गोवे, बंगळूर, लखनौ इथल्या संस्थांनी मार्करांचा एकच समान संच ठरवून घ्यावा, म्हणजे इथे मोजलेले तिथे वाचता येईल.

विद्यापीठाकडे माझे मागणे नेमके आहे. ज्या मातृवृक्षांच्या काड्या रोपवाटिकांना दिल्या जातात, त्या प्रत्येक झाडाचा मार्कर-संच तपासून जाहीर करा. हापूस, रत्ना, सिंधू, केसर, पायरी, सगळ्यांचा. आयुक्त महोदय, योजनेखाली कलमे पुरवणाऱ्या रोपवाटिकांमधून दरवर्षी थोडी कलमे चिठ्ठी टाकून उचला आणि त्या संचाशी ताडून पाहा. प्रत्येक कलम तपासायची गरज नाही. आपल्या गठ्ठ्यातून कोणते कलम उचलले जाईल हे कलमवाल्याला आधी कळत नसले की पुरे.

नमुना घेणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा: पान जोडाच्या वरचे घ्या. खालच्या खुंटातून फुटलेल्या फुटीचे पान घेतलेत तर अहवालात रायवळ येईल आणि निरपराध रोपवाटिकेवर बालंट येईल. पुष्कळ बागांत वरची हापूसची काडी मरून खुंटच झाड होऊन बसलेला असतो आणि मालक ‘यंदाही हापूस धरला नाही’ म्हणत असतो, ते निराळेच.

हा खुंट रायवळाचा असतो. माझ्या पत्राचा खरा विषय तोच आहे.

रायवळ म्हणजे कोयीतून आपसूक उगवलेला आंबा. प्रत्येक झाड स्वतंत्र, त्याच्यासारखे दुसरे जगात नाही. शेपूच्या वासाचा शेपू, खोबऱ्याच्या चवीचा खोबऱ्या, शेंदऱ्या, केळ्या, साखरगोटी, बिटकी अशी नावे गावागावांत आहेत. एका गावचा शेंदऱ्या दुसऱ्या गावच्या शेंदऱ्याचा कोणी लागत नाही, आणि कुठे कुठे तीन नावांची तीन झाडे एकाच जुन्या झाडाची कलमे निघतात. लोणच्याला अमुकच झाड, साठांना अमुकच, रायत्याला बिटकीच, हे ज्ञान आजीबरोबर जाते. झाड त्याच्याही आधी जाते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची किती जुनी झाडे गेली ते आपण सगळ्यांनी पाहिले. त्याआधी बागा लावायला गेली, पेट्यांच्या फळ्यांना गेली. हापूस मुंबईला गेला तो बऱ्याचदा रायवळाच्या लाकडात बसून.

या गावठी झाडांचे मोल शास्त्राच्या भाषेत किती, याचा एक दाखला सातासमुद्रापलीकडे आहे. १८८९ मध्ये भारतातून अमेरिकेत फ्लोरिडाला आंब्याची कलमे गेली, त्यातला मलगोबा तिथे टिकला. त्याच्या कोयीपासून हेडन नावाचा लालबुंद आंबा निघाला आणि फ्लोरिडाच्या आंबा-धंद्याचा पायाच तो ठरला. हेडनची आई मलगोबा, हे माहीत होते. बापाचा पत्ता शतकभर नव्हता. तिथल्या शास्त्रज्ञांनी एसएसआर मार्करांनी हिशेब मांडला तेव्हा बाप निघाला टर्पेंटाइन: धागेदार, उग्र वासाचा, खाण्यापेक्षा खुंटासाठीच वापरला जाणारा गावठी आंबा. हेडनच्या कोयीपासून पुढे टॉमी ॲटकिन्स आला, जो आज जगाच्या बाजारात सर्वांत जास्त फिरणाऱ्या आंब्यांपैकी आहे. चवीला कसा, ते विचारू नका. पण परदेशी दुकानांच्या फळ्या त्याने व्यापल्या आहेत आणि त्याचा आजोबा खुंटाचा आंबा आहे.

द्राक्षांत तर याहून मोठी गंमत झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की शार्दोने, गामे यांसारखी फ्रान्सची नामवंत द्राक्षे ही खानदानी पिनो आणि गुए ब्लाँ या हलक्या मानल्या गेलेल्या द्राक्षाची मुले आहेत. गुएला शेतकऱ्यांचे द्राक्ष म्हणून हिणवत, त्यावर बंदी घालण्याचे प्रयत्न झाले. आज फ्रान्समध्ये त्याची लागवड जवळपास संपली आहे. हे नाते कळले, कारण संग्रहात कोणीतरी त्याचे वेल राखून ठेवले होते.

हापूसचे आईबाप कोण? पायरीशी, मानकुरादशी, मुसरादशी त्याचे नाते किती जवळचे? आंब्याचा तपशीलवार जीनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो हापूसचाच, आणि ते काम चिनी शास्त्रज्ञांच्या गटाने केले. याचे मला वाईट वाटत नाही, विद्या कोणीही वाढवावी. मात्र हापूसच्या भाऊबंदांची झाडे जर कुठे उभी असतील तर ती चीनच्या हैनान बेटावर नाहीत. ती लांजा, राजापूर, कणकवली, सावंतवाडी, पेडणे इथल्या परड्यांत आणि बांधांवर असणार, आणि त्यांचा नमुना आपणच घेऊ शकतो.

हौस म्हणून हे सुचवत नाही. कोकणची बाग एकाच झाडाचे तुकडे लावून उभी आहे, त्यामुळे डिसेंबरात थंडी लांबली की सगळीकडे एकदम मोहर लांबतो, अवकाळी पाऊस झाला की सगळीकडे एकदम करपा. साका हे हापूसचे जुने दुखणे; बाहेरून फळ सुरेख आणि आत पांढरा स्पंजासारखा गर. दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना दिला, त्यात साका नाही. तो गुण नीलमकडून आला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये पातळ कोयीचा सिंधू आला. चांगली कामे आहेत. आता प्रश्न असा की नीलम दक्षिणेतून आणावा लागला. आपल्या स्वतःच्या बांधावर दरवर्षी न चुकता धरणारे, अवकाळीला न जुमानणारे, साका नसलेले रायवळ किती आहेत, याची मोजदाद केली आहे का? गावकऱ्याला विचारा, तो बोट दाखवून सांगेल.

अडचण अशी की रायवळ बियांच्या पेढीत ठेवता येत नाही. भाताचे बी वाळवून थंडीत वर्षानुवर्षे राहते. आंब्याची कोय वाळली की मेली. म्हणून जपायचे तर जिवंत झाडच जपावे लागते, जमिनीत, पाणी घालून, राखण करून. हजारो रायवळांची बाग कोणी उभी करू शकत नाही. निवड करावी लागेल, आणि विविधतेचा अभ्यास इथे पोटापाण्याच्या कामी येतो. समजा एका तालुक्यातली दोनशे झाडे तपासली आणि त्यातली निम्मी एकमेकांची जवळची भावंडे निघाली, तर त्यातली मोजकी राखली तरी चालते. पण कुणाशीच न जुळणारे एकटे झाड दिसले तर ते सोडून चालणार नाही. मार्करांविना ही निवड फळाच्या रंगावर आणि साहेबांच्या जिभेवर होते. चव पाहायला माझी ना नाही, तीही पाहाच.

झाडे शोधायला नवे खाते नको. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे. मालकीचे झाड तोडायलाही परवानगी लागते. म्हणजे कुठला जुना आंबा पडणार आहे, याचा अर्ज आधीच सरकारी टेबलावर येतो. त्या अर्जाला एक अट जोडा: परवानगीआधी पाच-सात पाने ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीत घालून विद्यापीठाला पाठवायची, आणि कलमाला योग्य काड्या मिळेपर्यंत, म्हणजे पावसाळ्यातल्या कलमांच्या हंगामापर्यंत, शक्य तिथे तोड थांबवायची. रस्त्याच्या कामांना तर हे आधी लागू करा. झाड वाचवा असे मी म्हणत नाही, त्या लढाया वेगळ्या आहेत. त्याची काडी तेवढी वाचवा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही असते. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत फळझाडांच्या रकान्यात ‘आंबा: हापूस, पायरी, रायवळ’ एवढेच लिहिलेले आढळते. गावातले सगळे रायवळ एका शब्दात संपले. तिथे झाडागणिक नोंद हवी: गावातले नाव, मालक, जागा, फळ कधी, कशाला वापरतात. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. रायवळाची एक फांदी त्या कोशात असायलाच हवी.

बागायतदार बंधू-भगिनींनो, तुमची एक शंका मला ठाऊक आहे, कारण ती घरीही ऐकली आहे. पाने घेऊन जातील, उद्या आमच्याच झाडावर कोणीतरी हक्क सांगेल. शंका रास्त आहे. पण उलट बाजू पाहा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचे वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येते. तुमच्या परड्यातले झाड तुमचेच, हे सिद्ध करायला त्याचा मार्कर-संच हा उत्तम पुरावा आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या लाल गऱ्यांच्या फणसाची बंगळूरच्या बागवानी संस्थेने पारख केली, ‘सिद्दू’ या नावाने कलमे विकायला करार केला आणि उत्पन्नाचा मोठा वाटा त्या शेतकऱ्यालाच ठेवला. एक झाड, एक कुटुंब आणि चोख कागद. कोकणात हे का होऊ नये? नमुना घेतानाच मालकाच्या नावाची लेखी पावती द्या, आणि त्या झाडापासून पुढे वाण निघाले तर त्याचा वाटा किती, हे आधीच ठरवा. एवढे झाल्याशिवाय कोणी पान देऊ नये, असे मी स्वतः सांगेन.

गोव्याच्या मित्रांनाही यात घ्यावे असे वाटते. मानकुरादला २०२३ मध्ये मानांकन मिळाले, आणि तिथला पेच आपल्या उलट आहे: नाव एक, पण झाडागणिक फळात फरक, इतका की कार्दोज मानकुरादसारखी खास निवड वेगळी ओळखली जाते. तिथे मार्करांना भरपूर काम आहे. तेरेखोल नदीच्या अलीकडे-पलीकडे आंबा एकच; मार्करांचा संच एकच ठेवला तर दोघांचाही खर्च वाचेल.

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी येते. तिचा तांबूसपणा गेला आणि पान अजून कोवळे असले की डीएनए काढायला ते सर्वांत बरे. जून पानात चिकाचा त्रास वाढतो. त्याआधी दोन गोष्टी ठरल्या तर यंदाचाच हंगाम साधेल: विद्यापीठाने मातृवृक्षांची यादी लावावी, आणि वन व महसूल खात्याने आंबा-तोडीच्या अर्जांची तालुकावार प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवायला सुरुवात करावी. नमुने गोळा करायला शिकवण्याची जबाबदारी मी आणि माझे काही जुने विद्यार्थी बिनमोबदला घेऊ. प्रवासखर्चही नको, फक्त सिलिका जेल द्या.

आपली,
राजापूर तालुक्यातली एक आंबा-अभ्यासक